डबलसीटची गच्छंति

मोटारसायकलीसारख्या विषयावर वाङ्मयीन मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. प्रयोजन एवढेंच कीं, गेलीं दहा-पंधरा वर्षें ह्या यंत्राच्या संबंधांत ‘कला’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘आत्माविष्कार’ हे शब्द इतक्या सढळ हातानें उधळले जात आहेत कीं, ज्यांचा धंदाच शब्दांचा आहे त्यांनीं त्यांचा हिशेब मागितला तर तें वावगें होऊं नये. गाडीचा मागचा सांगाडा कापून काढावा, त्या ठिकाणीं एक आखूड कमान जोडावी, मूळची लांब बैठक टाकून देऊन फळीसारखी चपटी बैठक बसवावी, आणि ह्या सर्व खटाटोपास ‘कस्टम’ म्हणावें, हा आजच्या सुशिक्षित तरुणांचा एक मोठा छंद होऊन बसला आहे. तो निरुपद्रवी आहे असें आम्हीही कालपरवांपर्यंत समजत होतों. आतां तसें समजत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पंचवीसेक वर्षांची एक बुलेट आहे. स्नेही आतां नाहींत. त्यांचे चिरंजीव आमचे एके काळचे विद्यार्थी. सध्यां एका संगणक-कंपनींत चांगल्या पगारावर आहेत. वडिलांची आठवण नीट राहावी म्हणून त्यांनीं ती गाडी शहरांतील एका कारागिराकडे दिली. दोन महिन्यांनीं ती परत आली तेव्हां सोसायटींतलीं सारीं मुलें खालीं जमलीं. टाकी काळी कुळकुळीत, पुढचा दिवा वाटोळा, सायलेन्सरच्या नळीला पट्ट्या गुंडाळलेल्या. आणि पाठीमागें पाहावें तों मडगार्ड नाहीं, साडीगार्ड नाहीं, धरावयाची दांडी नाहीं, मागच्या माणसाचे पाय ठेवावयाचे खुंट नाहींत. तपकिरी चामड्याची, चौकटी-चौकटींची शिवण घातलेली बैठक तेवढी, एका माणसाला पुरेल इतकी. छायाचित्रें निघालीं. वहिनी जिना उतरून आल्या, गाडीभोंवतीं त्यांनीं एक फेरी घातली, टाकीवरून हात फिरविला आणि विचारलें, “छान झालीय रे. पण मी बसायचं कुठं?”

“आई, ही सिंगल सीट आहे,” चिरंजीवांनीं सांगितलें.

ह्याच गाडीवर, डावीकडे दोन्ही पाय सोडून, एका हातानें दांडी धरून आणि दुसऱ्या हातांत पिशवी सांभाळून, त्या बाईंनीं वीस वर्षें मंडई, दवाखाना आणि नातलगांच्या लग्नाचे मांडव गांठले होते. वडिलांची आठवण जतन करतांना चिरंजीवांनीं इंजिन राखलें, टाकी राखली, आणि आईची जागा कापून टाकली. त्यांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें, हें आम्ही शपथेवर सांगूं. त्यांचें तिकडे लक्षच गेलें नाहीं. ज्या सौंदर्यदृष्टीचा एवढा गाजावाजा चालतो तिला एक अख्खें माणूस दिसूं नये, हा आमचा पहिला आणि मुख्य आक्षेप.

आतां हा मागचा सांगाडा, ज्याला कारागीर सबफ्रेम म्हणतात, तो असतो कशासाठीं तें पाहूं. मोटारसायकलीची मुख्य चौकट इंजिनाला आणि दोन्ही चाकांना एकत्र बांधते. तिच्यापासून मागें निघालेला नळ्यांचा भाग हा घराच्या भिंतींतून बाहेर काढलेल्या सज्ज्यासारखा आहे: एक टोंक भिंतींत, दुसरें अधांतरीं. चालकाचें थोडेंबहुत आणि मागें बसणाराचें जवळजवळ सगळें वजन ह्या सज्ज्यावर येतें. मडगार्ड, मागचा दिवा, नंबराची पाटी हींही त्यालाच लटकतात. ज्या गाड्यांना मागें दोन बाजूंस दोन शॉकॲब्सॉर्बर असतात, आणि आपल्याकडील जुन्या बुलेट, जावा, येझदी, राजदूत ह्या सर्व त्याच जातीच्या, त्यांत त्या शॉकॲब्सॉर्बरांचीं वरचीं टोंकें चौकटीच्या ह्याच मागच्या अंगाला अडकविलेलीं असतात. चाक खड्ड्यांत आपटलें कीं त्याचा धक्का येथें येऊन पोंचतो. सज्ज्यावर माणूस भिंतीपासून जितका दूर उभा राहील तितका मुळाशीं ताण अधिक. वीस सेंटिमीटरांऐवजीं चाळीस सेंटिमीटरांवर तोच माणूस बसला तर वांकविणारा जोर दुप्पट होतो. म्हणून अभियंता ह्या नळ्यांना खालून तिरकस आधार देऊन त्रिकोण साधतो. कापणाराच्या डोळ्यांत नेमका तो त्रिकोणच सलतो, कारण त्याला छायाचित्रांत बैठकीखालीं मोकळें आकाश दिसावयास हवें असतें.

नवी कमान बसते कशी, तेंही पाहण्यासारखें आहे. काम जाणणारा कारागीर कापलेल्या नळीच्या पोटांत घट्ट बसेल असा पोलादाचा तुकडा दोन्ही अंगांस खोलवर घालतो, नळीला बाजूनें भोंकें पाडून तेथेंही तो आंतल्या तुकड्याशीं जोडतो, आणि मग सांध्याभोंवतीं वेल्डिंग करतो. मूळ नळी कोणत्या पोलादाची, तिची जाडी किती, ह्याची तो आधीं चौकशी करतो. ठिणगी पडण्यापूर्वीं बॅटरीची जोडणी सोडवितो. नव्या गाडींत तर इंजिनाचें नियमन करणारी विद्युत्-पेटीही अलग करून ठेवितो. चाक पूर्ण वर उचललें असतां टायर कमानीला घासत नाहीं ना, हें मोजून घेतो. असे कारागीर आपल्या शहरांत आहेत. त्यांतल्या कित्येकांनीं कॉलेजचें तोंड पाहिलेलें नाहीं, आणि त्यांच्या हाताला आमचा नमस्कार आहे.

परंतु गल्लोगल्लीं जें चालतें तें निराळें. नळीला नळी टोंकास टोंक लावून चिकटवावयाची. वेल्डिंगचा फुगीर वळ दिसावयास वाईट, म्हणून तो ग्राइंडरनें घासून सपाट करावयाचा. राहिलेल्या खांचांत रंगाऱ्याची लांबी भरावयाची. आणि वर काळा रंग. सांध्याचा बराचसा दम त्या वळांत असतो, तोच रूपासाठीं घासला जातो. पुन्हां, बारीक नळी नाजूक दिसते म्हणून २५ मिलिमीटरच्या जागीं तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची १९ मिलिमीटरची नळी घालतात. सहा मिलिमीटरांनीं असें काय बिघडतें? अशा नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणांत बदलतो. ह्या सहा मिलिमीटरांत तो निम्म्याहूनही खालीं येतो. नाकापेक्षां मोतीं जड होऊं नये हें आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. येथें मोत्याचा भार तोच ठेवून नाकच कोरून बारीक केलें जातें. बरें, असें पोलाद लगेच तुटतही नाहीं. दररोजच्या कंपानें त्याला थकवा येतो, रंगाखालीं केसाएवढी चीर पडते, ती हळूहळू पुढें सरकते. ज्या दिवशीं ती उघडी पडते त्या दिवशीं गाडीखालीं छायाचित्रकार नसतो.

ह्या घाटाचा जन्म कोठें झाला? महायुद्धानंतरच्या इंग्लंडांत. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे १९३८ सालीं उघडला, युद्धांत बाँबनें उद्ध्वस्त झाला आणि १९४९ सालीं पुन्हां उभा राहिला. १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कष्टकरी वर्गांतल्या पोरांचा तो अड्डा होता. ताशीं शंभर मैलांचा वेग गांठणें ही त्यांची ईर्ष्या. शर्यतीच्या नॉर्टन गाड्या त्यांच्या डोळ्यांपुढें होत्या. मॅकँडलेस बंधूंच्या नव्या चौकटीवर जेफ ड्यूक ह्यानें १९५० सालीं आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत मारली होती. त्या चौकटींत ट्रायम्फचें इंजिन बसवून ह्या पोरांनीं ‘ट्रायटन’ नांवाची संकरित गाडीही निर्माण केली. तिच्या रूपाकडे नीट पाहिलें तर प्रत्येक अवयवाला कारण आहे. शर्यतींत मागें माणूस नसतो, म्हणून मागची बैठक नाहीं. स्वार टाकीवर छाती टेकून पडतो, आणि गाडीनें एकदम उसळी घेतली असतां तो मागें घसरूं नये, म्हणून बैठकीच्या शेवटीं उंचवटा. पाय मागें दुमडावयाचे, म्हणून पायखुंट मागें. वजन कमी करावयाचें, म्हणून मडगार्ड आखूड. वेडेपणा असेल, पण तो सुसंगत वेडेपणा होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

आमच्याकडे उंचवटा तेवढा आला. ‘म्हणून’ तिकडेच राहिला. संध्याकाळीं सातच्या सुमारास सिंहगड रस्त्यावर, दोन्ही पाय जमिनीला टेकीत, बैलगाडीच्या गतीनें सरकणारा स्वार टाकीवर ओणवा होऊन कोणती शर्यत जिंकीत असतो, तें त्यालाच ठाऊक. आषाढांत तर ह्या वीराची पाठ पाहावी. मडगार्ड नसल्यामुळें मागच्या चाकानें उडविलेला राडा कंबरेपासून मानेपर्यंत असा उभा उमटलेला असतो कीं, गृहस्थानें जणूं चिखलाची वेणी घातली आहे. त्याच्या मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या तोंडावर काय उडतें, त्याविषयीं कलेच्या इतिहासांत कांहीं नोंद होणार नाहीं.

‘कस्टम’ हा शब्द तर फारच गंमतीचा. इंग्रजींत त्याचा जुना अर्थ रूढि, वहिवाट. नेहमींच्या वहिवाटीनें दुकानीं येणारा तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्याबरहुकूम केलेली ती कस्टम वस्तु, असा तो अर्थ सरकत गेला. आमच्या तरुणांनीं त्याला पुन्हां मूळपदावर आणून सोडलें आहे. अशा दहा गाड्या ओळीनें उभ्या कराव्या: तीच तपकिरी बैठक, तीच चौकटींची शिवण, त्याच सायलेन्सरच्या पट्ट्या, तीच बाजूला लटकविलेली पाटी. पाट्यांची अदलाबदल केली तर मालकाला स्वतःची गाडी ओळखतां येईल कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे. कारखान्याच्या सांच्याला कंटाळून बाहेर पडलेले हे लोक एका परदेशी छायाचित्राच्या सांच्यांत जाऊन बसले आहेत, आणि त्याला ते व्यक्तिमत्त्व म्हणतात.

येथें कोणी म्हणेल कीं, उपयुक्ततेचा चष्मा उतरवा आणि ह्याकडे शुद्ध कला म्हणून पाहा. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला हा फडके-खांडेकरांचा वाद आम्ही विद्यार्थी असतांना शिकलों आणि पुढें अध्यापक झाल्यावर शिकविलाही. त्या वादांत दोन्ही पक्षांचें पुष्कळसें खरें होतें. परंतु त्या काळीं कादंबरीवर बसून कोणी बायकोला दवाखान्यांत नेत नसे. मोटारसायकल दिवाणखान्यांत मांडावयाची असेल तर ती खुशाल उभी चिरावी आणि भिंतीला टांगावी. आमची तक्रार नाहीं. रस्त्यावर आणावयाची असेल तर ती प्रथम वाहन आहे, आणि वाहनाचें सौंदर्य वाहण्याच्या गुणापासून तोडून काढतां येत नाहीं. निरर्थक भरताडाला आपण मराठींत खोगीरभरती म्हणतों. ह्या चपट्या बैठकींतून खऱ्या खोगिराची भरती तेवढी काढून घेतली आहे. पंचवीस किलोमीटर गेल्यावर स्वार उभा राहून गाडी कां हांकतो, ह्याचें रहस्य तेथें आहे.

“गाडी माझी, पैसे माझे,” हा दुसरा युक्तिवाद. ह्याला कायद्याचें उत्तर आहे, तें थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक फेरफाराला पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पंधरा वर्षांपलीकडच्या गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, तेव्हां ती निरीक्षकापुढें उभी करावयाची असते, हें जुन्या गाड्या कापणारे सोयिस्करपणें विसरतात. पण पोलिसाची शिटी हा युक्तिवाद नव्हे, आणि शिक्षेच्या भयानें कोणाची दृष्टि सुधारल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा नियमानें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ह्यांतील १२३ वा नियम मोटारसायकलीविषयीं आहे. मागें बसणाराला धरावयास कायमची दांडी असावी, पाय ठेवावयास जागा असावी, आणि त्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झांकील असें आवरण असावें, असें तो सांगतो. कायद्याच्या १२८ व्या कलमांतही मागच्या माणसासाठीं नीट पक्की बसविलेली बैठक हवी असें म्हटलें आहे. भाषा रुक्ष आहे. तींत ‘पदर’ हा शब्द नाहीं, ‘ओढणी’ हा शब्द नाहीं. पण ज्यानें कोणीं तो नियम लिहिला त्याच्या डोळ्यांपुढें आपल्या रस्त्यावरची बाई होती. चाकांत ओढणी सांपडून गळ्याला फांस बसल्याच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचल्या आहेत, आणि वाचून पान उलटलें आहे. नियम लिहिणाऱ्या कारकुनाला जी गोष्ट सुचली ती कलावंताला सुचूं नये, आणि वर त्यानें साडीगार्डाला ‘काकूबाई वस्तु’ म्हणून हिणवावें! हा शब्द आम्हीं स्वतः एका पदवीधराच्या तोंडून ऐकला आहे.

तिसरा आक्षेप मात्र विचारांत घेण्यासारखा आहे. कारखानदार स्वतःच एका बैठकीच्या गाड्या विकतात, मग आम्हीच काय पाप केलें? रॉयल एन्फील्डची २०१३ सालची काँटिनेंटल जीटी एका बैठकीची होती. २०१८ सालीं जाहीर झालेली जावा कंपनीची पेराक ही तर मुद्दाम तशी घडविलेली. खरें आहे. त्या गाड्यांत कोणाची जागा होती आणि ती हिरावली, असें झालेलें नाहीं. त्या जन्मतःच एकट्याच्या, आणि त्यांचा सांगाडा त्या हिशेबानें आंखून, तपासून बाजारांत आला. ज्याला एकट्यानें हिंडावयाचें आहे त्यानें एकट्याची गाडी घ्यावी. बीएमडब्ल्यूनें २०१३ सालीं आर नाइन-टी नांवाची गाडी काढली, तिचा मागच्या माणसाचा सांगाडा बोल्टांनीं जोडलेला असतो. रविवारीं एकटें जावयाचें तर काढा, सोमवारीं कोणाला न्यावयाचें तर लावा. बोल्टांत आणि करवतींत हा फरक आहे कीं, बोल्टाला परतीची वाट ठाऊक असते. आमचा कटाक्ष करवतीवर आहे.

आणि ज्यांना खऱ्या अर्थानें ‘कस्टम’ पाहावयाचें असेल त्यांनीं पहांटे कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर उभें राहावें. गवळ्याच्या मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनीं लोखंडी सांगाडा असतो. त्यांत दुधाच्या किटल्या अशा बसतात कीं वळणावर गाडी झुकली तरी थेंब सांडत नाहीं. गांवच्या लोहारानें तो किटलीच्या मापानें आणि गाडीच्या तोलानें केलेला असतो. हे सर्व सांगाडे कायद्याच्या कसोटीला उतरतील असें नाहीं. पण त्यांच्या मागें गरज आहे, आणि त्या लोहाराचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. किंवा ज्यांचे पाय चालत नाहींत अशांच्या स्कूटरीला मागें दोन्ही बाजूंस जोडलेलीं दोन जादा चाकें पाहावीं. अपंगांसाठीं गाडींत असा बदल करण्यास कायद्यानेंही वाट मोकळी ठेविली आहे. घरांत पडून राहिलेला मनुष्य त्या दोन चाकांमुळें कचेरींत जातो, बाजारांत जातो, मुलीला मागें बसवून शाळेंत सोडतो. आमचे कॅफेवाले मित्र ह्या स्कूटरीकडे ढुंकूनही पाहत नाहींत, कारण ती ‘दिसत’ नाहीं.

डबलसीट हा शब्द इंग्रजी, पण ती संस्था अस्सल आपली. सायकलवर डबलसीट बसलें म्हणून पोलिसानें हटकावें, पुढच्या कोपऱ्यापर्यंत मुकाट चालत जावें आणि तो दिसेनासा होतांच पुन्हां बसावें, अशा रीतीनें ह्या शहरांतल्या कित्येक मैत्र्या झाल्या आणि कांहीं लग्नेंही. मध्यमवर्गीय घरांत मोटार यावयाच्या आधीं दोन पिढ्या दुचाकीच्या मागच्या बैठकीवर बसून जग पाहून आल्या. मागें बसणाराला गाडी हांकतां येत नसे, त्याच्याजवळ पैसे नसत, कधीं त्याची प्रकृति बरी नसे. त्याच्यासाठीं पुढच्यानें थोडें पुढें सरकून जागा केलेली असे. वहिनींनीं स्वतः गाडी शिकावी, असें कोणी सुचवील. अवश्य शिकावी, आमची ना नाहीं. पण त्या शिकल्या म्हणजे बाकीच्यांची सोय झाली असें नव्हे. कोणी तरी आजारी आजी, कोणी तरी परगांवाहून उतरलेला पाहुणा ह्या शहरांत नेहमीं असणारच.

हा लेख लिहून होत आला असतां ते चिरंजीव परवां घरीं आले होते. लेखाचें त्यांना कांहीं ठाऊक नव्हतें. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं सहज विचारल्यासारखें करून विचारलें कीं, त्या वर्षाच्या बुलेटचा मूळचा मागचा सांगाडा आतां कोठें मिळूं शकेल. जुन्या बाजारांत चौकशी कर, असें आम्हीं सांगितलें. भाव ठरवितांना साडीगार्डही त्यांतच मागून घे, हें सांगावयास आम्ही विसरलों नाहीं.